ध्रुवीय किनाऱ्यावरील हिमभूरूपांचे नकाशे

अंटार्क्टिका खंडाचा विस्तार सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक आहे. या अफाट प्रदेशापैकी एक टक्क्याहूनही कमी जमीन उघडी आहे. बाकी सर्वत्र सरासरी सुमारे दोन किलोमीटर जाडीचा बर्फाचा थर पसरलेला आहे. त्यास हिमस्तर असे म्हणतात. अशा ठिकाणी भूरूपांचा नकाशा काढावयाचा तो कशाचा, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर असे की, बर्फ एके काळी किती उंच होता, कोठवर पसरला होता आणि कोणत्या दिशेने सरकत होता, याच्या खुणा या थोड्याशा उघड्या खडकावरच शिल्लक राहिल्या आहेत. त्या खुणांची जागा, उंची व दिशा यांची शिस्तशीर नोंद म्हणजे हिमभूरूपांचा नकाशा होय.

हे काम केवळ विद्वानांच्या हौसेचे आहे असा समज होणे शक्य आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. आज अंटार्क्टिकेतील बर्फ किती घटतो आहे, याचा आकाशातून केलेला हिशेबदेखील जमिनीवरील या जुन्या खुणांची माहिती घेतल्याशिवाय पुरा होत नाही. समुद्राची पातळी किती वाढेल याचे अंदाज त्या हिशेबावर बेतलेले असतात, आणि ते अंदाज कोकणातील खाडीकाठच्या खार जमिनींपर्यंत येऊन पोहोचतात.

विमानातून दिसलेला खडक

भारतीय वाचकांना या विषयाची ओळख करून देण्यास क्वीन मॉड लँड या किनारी प्रदेशातील शिर्माकर टेकड्यांचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे. भारताचे ‘मैत्री’ हे संशोधन केंद्र तेथेच आहे. १९३८-३९ मध्ये कॅप्टन आल्फ्रेड रिट्शर यांच्या नेतृत्वाखाली ‘श्वाबेनलांड’ या जहाजातून एक जर्मन मोहीम या किनाऱ्यावर आली. जहाजावरून झेपावणाऱ्या दोन समुद्री विमानांनी आतल्या प्रदेशावर फेऱ्या मारून अकरा हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली. रिशार्डहाइनरिश शिर्माकर या वैमानिकास १९३९ च्या प्रारंभी बर्फाच्या पांढऱ्या पसाऱ्यात तपकिरी टेकड्यांचा एक पट्टा व त्यात चमकणारी तळी दिसली. त्याचेच नाव या जागेला पडले.

छायाचित्रे विपुल होती. परंतु त्यांवरून काढलेले नकाशे जागेच्या बाबतीत चुकीचे निघाले. कारण साधे होते. छायाचित्रात दिसणारा डोंगर नेमका कोणत्या अक्षांश-रेखांशावर आहे हे ठरविण्यासाठी जमिनीवर जाऊन मोजलेले काही ठाम बिंदू लागतात, आणि ते येथे नव्हते. हीच अडचण पुढे अमेरिकेलाही आली. १९४६-४७ च्या ‘हायजंप’ मोहिमेत किनाऱ्याची सुमारे सत्तर हजार हवाई छायाचित्रे घेण्यात आली; पण जमिनीवरील बिंदूंच्या अभावी ती नकाशासाठी अपुरी ठरली. ते बिंदू मोजण्यासाठी १९४७-४८ मध्ये हेलिकॉप्टरांसह दुसरी मोहीम पाठवावी लागली. गावच्या शिवारात हद्दीचे दगड जागेवर नसतील तर कितीही सुबक नकाशा वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही, हे पंचायतीत काम करणाऱ्यांना सांगावयास नको. ध्रुवावरही नियम तोच आहे.

शिर्माकर टेकड्यांचा पट्टा पूर्व-पश्चिम सुमारे १७ किलोमीटर लांब, फार तर तीन किलोमीटर रुंद आणि सुमारे ३५ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा आहे. त्याच्या दक्षिणेस खंडावरील हिमस्तराची भिंत आहे. उत्तरेस मात्र जमीन संपते आणि समुद्रावर तरंगणारा बर्फाचा सपाट थर सुरू होतो. त्यास येथे हिमफलक म्हटले आहे. उघडा समुद्र त्याच्याही पलीकडे, टेकड्यांपासून सुमारे ८० ते १०० किलोमीटरांवर आहे. म्हणजे खडकाचा किनारा एकीकडे आणि पाण्याचा किनारा दुसरीकडे, अशी ही चमत्कारिक किनारपट्टी आहे.

भोवती बर्फ असताना एवढाच भाग उघडा का राहतो, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. दक्षिणेकडून उतरणाऱ्या बर्फाला या टेकड्यांच्या कण्याचा अडसर होतो व तो बाजूंनी वळतो. खंडाच्या उंच भागातून किनाऱ्याकडे घसरत येणारे कोरडे वारे पडलेला हिम उडवून नेतात व त्याची वाफही करतात. शिवाय ताजा हिम सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत फेकतो, तर गडद खडक तो शोषून तापतो. एकदा खडक उघडा पडला की तो स्वतःच भोवतालचा हिम वितळवू लागतो. याच वितळलेल्या पाण्याची शंभरावर तळी या पट्ट्यात आहेत.

बर्फावरचे घर आणि खडकावरचे घर

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ या जहाजाने निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील २१ जणांची ही तुकडी ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकेवर उतरली. दुसऱ्या मोहिमेचे नेतृत्व भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील हिमनदीतज्ज्ञ व्ही. के. रैना यांच्याकडे होते. १९८३-८४ मध्ये तिसऱ्या मोहिमेने ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले भारतीय केंद्र उभारले. ते हिमफलकावर होते. जहाजापासून जवळ, सपाट जागा, सामान उतरविण्यास सोपी, असे त्या जागेचे फायदे होते. पण हिमफलकावर दरवर्षी नवा हिम साचतो आणि त्यावर ठेवलेली वस्तू हळूहळू खाली जाते. केंद्र बर्फात गाडले जाऊ लागले व १९९० मध्ये ते बंद करावे लागले.

तोपर्यंत शिर्माकर टेकड्यांवर ‘मैत्री’ केंद्र उभे राहिले होते. ते १९८९ मध्ये तयार झाले. तेथे पाया खडकाचा होता आणि शेजारी गोड्या पाण्याचे तळे होते. त्यास प्रियदर्शिनी असे नाव देण्यात आले. पहिल्या मोहिमांपासूनच भूवैज्ञानिक या टेकड्या पायी हिंडून खडक, हिमोढ व तळी यांची नोंद करीत होते. जागेची निवड करताना कोणती जमीन पक्की, कोणत्या दगडगोट्यांच्या थराखाली बर्फ दडला आहे आणि कोणते तळे वर्षभर टिकणारे आहे, हे जाणून घ्यावे लागते. हिमभूरूपांचा नकाशा कारभाराच्या कामी येतो तो असा.

खडक वाचताना

हिमनदी म्हणजे बर्फाची नदी हे वर्णन पाठ्यपुस्तकात असते, पण ती झीज कशी करते हे नीट समजून घेतले पाहिजे. नुसता बर्फ मऊ असतो. तो कठीण खडक कापू शकत नाही. त्याच्या तळाशी गोठून अडकलेले दगड व वाळू कानशीसारखे काम करतात. बारीक भुकटीने खडक गुळगुळीत होतो आणि टोकदार दगडाने त्यावर समांतर ओरखडे उठतात. शिर्माकर येथील कठीण पट्टिताश्म खडकांवर असे घासलेले पृष्ठभाग व ओरखडे जागोजाग आढळतात.

क्षेत्रकार्य करणारा भूवैज्ञानिक ओरखड्यांची दिशा होकायंत्राने मोजतो. ध्रुवीय प्रदेशात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून बरीच ढळलेली असते, म्हणून प्रत्येक मापात दुरुस्ती करावी लागते. परंतु ओरखडा केवळ रेषा सांगतो. तो दक्षिणोत्तर असेल तर बर्फ दक्षिणेकडून उत्तरेकडे गेला की उत्तरेकडून दक्षिणेकडे, हे त्यावरून कळत नाही. येथे मेषशिला उपयोगी पडते. बर्फाच्या वाटेत आलेला खडकाचा उंचवटा ज्या बाजूने बर्फ चढतो त्या बाजूस घासून उताराचा व गुळगुळीत होतो. पलीकडच्या बाजूस बर्फ खडकाच्या फटींत गोठतो आणि पुढे जाताना त्याचे तुकडे उपटून नेतो. ती बाजू खडबडीत व कड्यासारखी राहते. दुरून पाहता असे खडक बसलेल्या मेंढीसारखे दिसतात, म्हणून हे नाव. गुळगुळीत बाजूकडून खडबडीत बाजूकडे बाण काढला की बर्फाची खरी दिशा मिळते. एकाच खडकावर दोन दिशांचे ओरखडे एकमेकांस छेदत असतील तर जे वर उमटलेले ते नंतरचे. म्हणजे मधल्या काळात बर्फाचा मार्ग बदलला होता.

दुसरा पुरावा हिमोढांचा. बर्फाने वाहून आणलेला दगडगोटे, वाळू व माती यांचा गाळ जेथे सोडला जातो तेथे हिमोढ तयार होतो. हिमनदीच्या कडेला पार्श्व हिमोढ, टोकाशी अंत्य हिमोढ, तर तळाशी पसरलेला तो तळ हिमोढ. नदीचा गाळ पाण्याच्या वेगानुसार निवडला जातो. मोठे गोटे एकीकडे, बारीक रेती दुसरीकडे. हिमोढात तशी निवड नसते. घराएवढा धोंडा आणि पिठासारखी माती शेजारी शेजारी असतात. अंत्य हिमोढाचा बांध दिसला की बर्फाचे टोक त्या ठिकाणी काही काळ स्थिर होते असे समजावे. अर्थात येथे एक धोका असतो. ध्रुवीय हिमोढाच्या पोटात बऱ्याच वेळा जुना बर्फ असतो. वरचा दगडी थर त्याला ऊन लागू देत नाही, म्हणून तो दीर्घकाळ टिकतो; पण तो वितळला की बांध खचतो आणि त्याचा आकार बदलतो. असा बांध नकाशावर वेगळ्या चिन्हाने दाखवावा लागतो, कारण तो उद्या तेथे त्याच रूपात असेल याची खात्री नसते.

तिसरा आणि कदाचित सर्वांत मोलाचा पुरावा आगंतुक शिलांचा. टेकडीच्या माथ्यावर एखादा मोठा धोंडा एकटाच पडलेला असतो आणि त्याचा खडक खालच्या खडकाशी जुळत नाही. पाण्याने तो तेथे नेलेला असणे शक्य नाही. तो दक्षिणेकडील वोल्थाट पर्वतातील खडकाशी जुळला तर बर्फाने त्याला इतका लांब आणला असे ठरते. आणि तो माथ्यावर आहे, यावरून एके काळी त्या माथ्यावरूनही बर्फ वाहत होता हेही सिद्ध होते. त्या माथ्याची उंची म्हणजे त्या काळच्या बर्फाची किमान उंची होय.

अशा खुणा पाहण्यासाठी अंटार्क्टिकेलाच जावे लागते असे नाही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत व अंटार्क्टिका गोंडवन या एकाच महाखंडाचे भाग होते आणि त्यावर हिमस्तर होता. चंद्रपूरच्या पश्चिमेस इरई येथे पैनगंगेच्या काठी तालचीर काळातील गोट्यांच्या थराखाली चुनखडकाचा पृष्ठभाग घासलेला व ओरखडलेला आढळला. भूवैज्ञानिक फेडन यांनी १८७० च्या दशकात त्याची नोंद केली. विदर्भातील उन्हाळा अनुभवलेल्या माणसाला हे पटणे कठीण जाते. पण तेथील खुणा आणि शिर्माकर येथील खुणा एकाच प्रकारच्या आहेत. चंद्रपूर भागातील शिक्षकांना हा धडा वर्गाबाहेर शिकविता येण्यासारखा आहे.

खुणा नसल्या तर

नकाशा काढताना सर्वांत मोठी चूक होते ती खुणा नाहीत म्हणजे बर्फ नव्हता असे मानण्याने. ज्या बर्फाचा तळ वितळण्याच्या तापमानाजवळ असतो तो खडकावरून घसरतो आणि ओरखडे उठवितो. पण अतिथंड प्रदेशात बर्फाचा तळ खडकालाच घट्ट गोठून बसतो. असा बर्फ वरच्या थरांत सरकतो, तळाशी जवळजवळ हलतच नाही. तो हजारो वर्षे एखाद्या डोंगरावर बसून पुढे नाहीसा झाला तरी खालचा जुना, झिजलेला खडक जसाच्या तसा राहतो. तेथे बर्फ होता हे सांगणारी खूण म्हणजे त्या जीर्ण खडकावर पडलेली एखादी ताजी आगंतुक शिला, एवढीच. ती नोंदविण्याचे राहिले तर संपूर्ण डोंगर नकाशावर चुकीने ‘कधीही बर्फाखाली नसलेला’ ठरतो.

उलट प्रकारही घडतो. वाळू घेऊन धावणारा वारा खडकावर खाचा पाडतो. वाऱ्याची दिशा बहुधा ठरलेली असल्यामुळे त्या खाचा समांतर असतात आणि घाईत त्या हिमनदीचे ओरखडे वाटतात. तेव्हा नवशिक्या निरीक्षकाने आधी त्या भागातील वाऱ्याची दिशा वहीत लिहून ठेवावी, आणि प्रत्येक मापासमोर आपण काय पाहिले आणि त्यावरून काय अनुमान केले, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहावे. ही सवय आपल्याकडील पीक पाहणीतही उपयोगी पडेल.

बर्फ नव्हता असे खात्रीने म्हणता येईल अशा जागाही आहेत. शिर्माकरच्या पूर्वेस सुमारे ३,००० किलोमीटरांवर लार्समन टेकड्या आहेत. तेथे २०१२ मध्ये भारताचे ‘भारती’ केंद्र सुरू झाले. तेथील तळ्यांच्या तळचा गाळ तपासता, त्या टेकड्यांचा काही भाग शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरातही बर्फमुक्त होता असे दिसून आले. तळ्यात अखंड साचत आलेला गाळ हाच त्याचा पुरावा. किनाऱ्यालगतच्या काही तळ्यांत मात्र खालच्या थरात समुद्राच्या पाण्यातील सूक्ष्म जीवांचे अवशेष आणि वरच्या थरात गोड्या पाण्यातील जीवांचे अवशेष सापडतात. ती तळी एके काळी समुद्राचा भाग होती. बर्फाचा भार हलका झाल्यावर जमीन वर आली आणि ती समुद्रापासून तुटली.

नकाशाची तयारी

नकाशाचे काम छायाचित्रांपासून सुरू होते. एकाच जागेची थोड्या अंतरावरून घेतलेली दोन हवाई छायाचित्रे जोडदर्शकाखाली ठेवली की उंच-सखल भाग डोळ्यांसमोर उभा राहतो. १९९७ मध्ये कॅनडाच्या रडारसॅट उपग्रहाने ढग व अंधार यांची अडचण न येता संपूर्ण खंडाचे रडारचित्र घेतले. २०१८ मध्ये उपग्रहचित्रांवरून तयार केलेला, आठ मीटर तपशिलाचा उंचीनकाशा सर्वांना खुला झाला. आता उपग्रहाधारित स्थाननिश्चितीमुळे जमिनीवरील बिंदू मोजणेही पूर्वीइतके कष्टाचे राहिलेले नाही.

तरीसुद्धा पायी हिंडण्याला पर्याय नाही. आकाशातून हिमोढ व पडझडीचे दगड सारखेच दिसतात. ओरखडे तर दिसतच नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दोन-चार महिन्यांतच क्षेत्रकार्य शक्य असते. सूर्य मावळत नसल्याने दिवस मोठा मिळतो, पण हिमवादळ आले की अनेक दिवस तंबूत किंवा केंद्रात अडकून पडावे लागते. हिमस्तराच्या कडेला हिमविदर, म्हणजे बर्फातील खोल भेगा, असतात व त्यांवर ताज्या हिमाचे पातळ छप्पर असते. म्हणून कोणीही एकटे जात नाही.

नकाशाचे प्रमाण १:२५,००० असेल तर कागदावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील २५० मीटर. या प्रमाणावर शिर्माकरचा सारा पट्टा एका टेबलावर मावतो. त्यावर उघडा खडक, हिमोढ, तळी, हिमाचे कायम पट्टे, ओरखड्यांचे बाण व आगंतुक शिलांचे ठिपके वेगवेगळ्या रंगांनी आणि चिन्हांनी दाखवितात. प्रत्येक ठिपक्याजवळ उंची लिहिलेली असते. पुढे शिलेचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत जातो. खडक बर्फाखालून उघड्यावर आला की विश्वकिरणांच्या माऱ्याने त्यातील गारेत बेरिलियम-१० हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात साठू लागते. ते मोजले की शिला किती काळ उघडी आहे हे कळते. निरनिराळ्या उंचीवरील शिलांची वये मिळाली की बर्फ कोणत्या काळात किती खाली उतरला याचा आलेख तयार होतो. मात्र तुकडा नेमका कोणत्या जागेचा व किती उंचीचा हे नकाशावर नसेल तर प्रयोगशाळेतील महागडे माप वाया जाते.

बर्फाचे वजन

या सर्व खटाटोपाचा आजच्या काळाशी संबंध येतो तो येथे. २००२ मध्ये एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून फिरणाऱ्या ‘ग्रेस’ या जोड-उपग्रहांनी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म बदल मोजण्यास सुरुवात केली. ते २०१७ पर्यंत चालले आणि २०१८ पासून त्यांच्या जागी दुसरी जोडी आली. खाली वस्तुमान कमी झाले की ओढ कमी होते. अशा रीतीने अंटार्क्टिकेतील बर्फाचे जणू वजनच करता येते.

पण तराजूच्या एका पारड्यात आणखी एक गोष्ट येऊन बसते. हिमयुगातील जादा बर्फाच्या भाराने खालची जमीन दबली होती. तो भार गेल्यावर ती हजारो वर्षे हळूहळू वर येत राहते आणि खोलवरचा जड खडक तिच्याखाली सरकत येतो. उपग्रहाला हे वाढणारे वस्तुमानही जाणवते. ते वजा केल्याशिवाय बर्फाची खरी घट कळत नाही. आणि ते किती आहे हे ठरविण्यासाठी पूर्वी कोठे किती जाड बर्फ होता हे ठाऊक असावे लागते. हे सांगणारा पुरावा मुख्यतः टेकड्यांवरच्या आगंतुक शिला, हिमोढ आणि वर आलेली तळी यांचाच आहे.

ही दुरुस्ती किरकोळ नाही. जुन्या बर्फाची जाडी अधिक धरली तर दुरुस्ती मोठी होते व आजची घटही मोठी निघते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भूपुराव्यांशी जुळवून घेतलेला जुन्या बर्फाचा नवा हिशेब वापरला गेला. त्यानुसार २००२ ते २०१० या काळातील घट वर्षाला सुमारे ६९ अब्ज टन भरली. आधीच्या बऱ्याच अंदाजांहून ती कमी होती. पुढील वर्षांत घट वाढत गेली. २००२ ते २०२० या काळाची सरासरी वर्षाला सुमारे १५० अब्ज टन सांगितली जाते. सुमारे ३६० अब्ज टन बर्फ वितळून समुद्रात गेला की जगभरात पाण्याची पातळी सरासरी एक मिलिमीटर वाढते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ लागतो. ही घट मुख्यतः पश्चिम अंटार्क्टिकेत आहे. क्वीन मॉड लँडचा भाग तुलनेने स्थिर असून काही वर्षी जोरदार हिमवर्षावाने तेथे भरच पडली आहे.

आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. हिमस्तर इतका प्रचंड असतो की तो आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतीचे समुद्राचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो कमी झाला की ही ओढ सुटते. त्याच्या जवळच्या किनाऱ्यावर पाणी उतरते आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा काहीसे अधिक चढते. अरबी समुद्राचा किनारा अंटार्क्टिकेपासून दूरच आहे. दक्षिणेकडे काय घडते याची मोजदाद गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालते, हा केवळ योगायोग असला तरी समर्पक आहे.

हिमनदीचे टोक

शिर्माकर टेकड्यांच्या पश्चिम भागात हिमस्तराची एक लहान जीभ खडकावर उतरलेली आहे. १९८२-८३ च्या दुसऱ्या भारतीय मोहिमेत ती ओळखण्यात आली. तिचे नावही दक्षिण गंगोत्री असेच आहे. बर्फात गेलेले केंद्र आणि ही हिमनदी या दोन वेगळ्या गोष्टी असून नावसाधर्म्यामुळे अनेक लेखांत त्यांची गल्लत झालेली दिसते. तेव्हापासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी तिच्या टोकाचे मोजमाप करीत आले आहेत. पद्धत अगदी साधी आहे. समोरच्या पक्क्या खडकावर कायम खुणा केलेल्या असतात आणि उन्हाळ्यात प्रत्येक खुणेपासून बर्फाच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले जाते. टोक मागे सरकत असल्याचे आढळले आहे, पण सरासरी वर्षाला एका मीटरपेक्षाही कमी. एखाद्या वर्षाचे माप पाहिले तर काही कळणार नाही. कोठे अर्धा मीटर मागे, कोठे थोडे पुढे, कोठे ताज्या हिमाने कडच झाकलेली, असे ते असते. अनेक वर्षांची मापे त्याच खुणांपासून घेतलेली आहेत म्हणूनच त्यांतून निष्कर्ष निघतो.

२००५ मध्ये भारताच्या प्रस्तावावरून अंटार्क्टिक करारातील देशांनी या हिमनदीस खास संरक्षित क्षेत्राचा दर्जा दिला. तेथे परवान्याशिवाय प्रवेश नाही. भारतीय नागरिकांच्या बाबतीत या जबाबदाऱ्यांना आता भारतीय अंटार्क्टिक अधिनियम, २०२२ चाही आधार आहे. या क्षेत्रात बांधकाम करण्यास, कचरा टाकण्यास वा वाहन नेण्यास जसा प्रतिबंध आहे, तसा दगड हलविण्यासही आहे. टेकडीवरचा धोंडा कोणी आठवण म्हणून उचलला, किंवा तंबूचा दोर दाबण्यासाठी दहा पावले सरकविला, तर तो खडक म्हणून तसाच राहील. पण बर्फ कोठे होता हे त्याला पुन्हा सांगता येणार नाही.